मदत हवी आहे: ग्रिडवर सगळेच ९,९ येताहेत, सूत्र कोणतं लावू?

शंकासुर
ब्लेक-मूटनच्या नेतृत्वशैली ग्रिडवर (पहिला आकडा कामाबद्दलच्या आस्थेचा, दुसरा माणसांबद्दलच्या, दोन्ही १ ते ९) ३४ व्यवस्थापकांचे गुण टाकले. त्यातले २९ जण थेट ९,९ च्या कोपऱ्यात जाऊन बसले. हे दाखवलं तर लोक हसतील. गुण जरा पसरवायचे आहेत. पर्सेंटाइल लावू की आणखी काही? एक्सेलमध्ये बसेल असं सांगा. परवा सादरीकरण आहे. थिअरी नको, ती येते.

तळटीप
प्रश्नावली कोणती? प्रश्न किती? भरली कुणी? एवढं सांगितल्याशिवाय सूत्र कशाला लावायचं?

शंकासुर
आमचीच आहे, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या नेतृत्व-अभ्यासांच्या धर्तीवर. २० प्रश्न, १० कामाचे, १० माणसांचे, प्रत्येकी १ ते ५ गुण. बेरीज भागिले ५० गुणिले ९. भरली कुणी म्हणजे काय? ज्यांची शैली मोजायची त्यांनीच.

तळटीप
मग रोग तिथेच आहे, सूत्रात नाही. आपण माणसांची काळजी घेतो, असं प्रत्येक साहेबाला वाटतंच. ओहायोच्या मंडळींनी म्हणूनच दोन वेगळी साधनं ठेवली. एलबीडीक्यू (नेत्याच्या वर्तनाची प्रश्नावली) भरायची हाताखालच्यांनी, 'हे वर्तन किती वेळा दिसतं' म्हणून. एलओक्यू (नेत्याच्या मतांची प्रश्नावली) नेत्याने स्वतः भरायची, पण त्यात 'कसं वागायला हवं' हे मत विचारलेलं असतं. तुम्ही मत गोळा केलंत आणि त्याला वर्तन म्हणताय.

सूत्रही चुकलंय, ते आधी बदला. १० प्रश्नांची किमान बेरीज १०. तुमच्या हिशेबाने तिचे १.८ होतात, म्हणजे १,१ या चौकटीत कुणी कधी पोचूच शकत नाही. मधली बेरीज ३०, तिचे ५ यायला हवेत, तुमचे ५.४ येतात. बरोबर सूत्र: १ + (बेरीज − १०) ÷ ५. ५० ला ९, १० ला १.
पर्सेंटाइल अजिबात नको. तो रांगेतला क्रमांक आहे. सगळे खरोखर चांगले असले तरी कुणीतरी तळाला जाणारच.

परिस्थिती_पंखा
ग्रिड १९६४ चा! अजून तेच? हर्सी-ब्लँचर्डचा परिस्थितीनुसार शैली बदलण्याचा सिद्धांत वापरा. अनुयायी तयार नसेल तर सांगा, थोडा तयार असेल तर पटवून द्या, मग सहभागी करून घ्या, शेवटी सोपवून मोकळे व्हा. चार शैली, चार टप्पे, काम संपलं. ग्रिड-ओहायोसारखे वर्तनवादी सिद्धांत केव्हाच निकालात निघालेत.

लेखाजोखा
पंखासाहेब, 'तयारी' मोजणार कशाने? तीही साहेबालाच विचारून? म्हणजे आजार तोच, फक्त वॉर्ड बदलला. आणि निकालात निघालेत म्हणे! २००४ साली जज, पिकोलो आणि इलीस यांनी आधीच्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. माणसांची कदर या वर्तनाचा परिणामांशी सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.४८ निघाला, कामाच्या आखणीचा ०.२९. मेलेल्या सिद्धांताचे आकडे असे नसतात.
धागाकर्त्याला एवढंच: ग्रिडचे अक्ष 'आस्था' मोजतात, ओहायोचे 'वर्तन'. प्रश्न ओहायोचे आणि कागद ग्रिडचा ही खिचडी आहे. चालवायची तर निदान तळाला लिहा.

परिस्थिती_पंखा
सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. काम चांगलं झालं की साहेब आपोआप प्रेमळ दिसतो.

लेखाजोखा
मान्य. पण तो आक्षेप तुमच्या चार टप्प्यांनाही लागू आहे.

कोरी_पाटी
एक विचारू का? मॅकग्रेगरचा एक्स सिद्धांत म्हणजे ९,१ आणि वाय म्हणजे ९,९ ना? परीक्षेला आहे.

तळटीप
नाही. एक्स-वाय (१९६०) या शैलीच नाहीत, माणसांबद्दलच्या धारणा आहेत. 'लोक मुळात कामचुकार' ही धारणा एक्स, तिच्या उलट ती वाय. वाय मानणारा माणूसही आग लागल्यावर हुकूमच सोडतो. धारणा आणि वर्तन वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

शंकासुर
धागा माझा आहे हो. सूत्र बदललं. आता २९ चे २६ झाले, फार फरक नाही. हाताखालच्यांचे अर्जही आहेत, ११ व्यवस्थापकांचे. पण त्यात माणसांच्या अक्षावर सगळे ४ ते ६ मध्येच येतात, म्हणून बाजूला ठेवले होते.

तळटीप
हे पहिल्याच पोस्टमध्ये का नाही सांगितलं? त्या १० वाक्यांत उलटी वाक्यं किती?

शंकासुर
तीन. 'सूचना ऐकून न घेता फेटाळतात' अशा छापाची. साहेबांच्या प्रतीत ती सरळ केली होती, त्यांना गोंधळ होत होता म्हणून.

तळटीप
आणि मोजताना पलटली नाहीत! उलट्या वाक्याचे गुण ६ वजा उत्तर असे घ्यायचे. न पलटता काय होतं बघा. सगळीकडे उत्तम साहेबाला सात वाक्यांत ५ आणि तीन वाक्यांत १, बेरीज ३८. सगळीकडे वाईट साहेबाला सात वेळा १, तीन वेळा ५, बेरीज २२. ग्रिडवर हे ६.६ आणि ३.४. उत्तम आणि वाईट, दोघेही मधोमध चेपले जातात. तुमचे ४ ते ६ असेच तयार झालेत.
शिवाय दोन प्रतींतली वाक्यं वेगळी असतील तर साहेबांचे आणि हाताखालच्यांचे गुण शेजारी ठेवून तुलना करू नका.

मायमराठी
तुमचं भाषांतरही तपासा. समजा वाक्य आहे 'कारण सांगितल्याशिवाय निर्णय बदलत नाहीत' आणि पर्याय 'कधीच नाही'. आता याचा अर्थ काय घ्यायचा? दोन नकार आले की माणूस अंदाजाने खूण करतो. सरळ लिहा: 'निर्णय बदलताना कारण सांगतात.' आणि ओहायोच्या माणसांच्या अक्षाला, म्हणजे 'कन्सिडरेशन'ला, 'विचारशीलता' नको, वाचणाऱ्याला बुद्धीबद्दल विचारल्यासारखं वाटतं.

लेखाजोखा
अवांतर पण खरं. मी 'कदर' लिहितो. कामाच्या अक्षाला, 'इनिशिएटिंग स्ट्रक्चर'ला, पुस्तकी 'रचनेचा पुढाकार' कुणालाच कळत नाही, 'कामाची आखणी' कळते.

मायमराठी
'कदर' म्हणजे कौतुक वाटतं. 'आपुलकी' घ्या.

लेखाजोखा
आपुलकी पाच गुणांच्या पट्टीवर? राहू द्या.

शंकासुर
पलटलं!! माणसांचा अक्ष आता २ ते ८ पर्यंत पसरला. पण दोघांचं काय करू? प्रत्येकाखाली सहा जण. जवळजवळ प्रत्येक वाक्याला तिघांनी ५ दिलेत, तिघांनी १. सरासरी मध्यावर, म्हणजे ५,५ च्या चौकटीत. तिथेच टाकू?

लेखाजोखा
मुळीच नको. ५,५ म्हणजे दोन्हींकडे बेताचं लक्ष देणारा. हा साहेब तिघांशी जवळचा आणि तिघांशी तुटक आहे. गटातले लोक एकमेकांशी कितपत सहमत आहेत ते आधी बघा: १ वजा (प्रसरण ÷ २). प्रसरण म्हणजे उत्तरांच्या विखुरणीचं माप, व्हेरियन्स. पाच गुणांच्या पट्टीवर उत्तरं निव्वळ योगायोगाने विखुरलेली असतील तर ते २ येतं, म्हणून तो भागाकार. ०.७० च्या वर असेल तरच सरासरी घेण्याचा प्रघात आहे. तुमच्या आकड्यांत प्रसरण ४.८, उत्तर ऋण येईल, ते शून्य धरतात. जवळचे आणि लांबचे हा फरक डॅन्सरो, ग्रेन आणि हागा यांनी १९७५ मध्येच मांडला: नेता सगळ्यांशी एकसारखा वागतो हे गृहीतकच चुकीचं.
त्या दोघांची चौकट रिकामी ठेवा आणि शेजारी विखुरणी दाखवा. ज्यांच्याखाली पाचपेक्षा कमी उत्तरं आहेत त्यांना वगळा. दोनच जणांनी भरलं असेल तर कुणी काय लिहिलं ते साहेबाला लगेच कळतं.

शंकासुर
मग ११ चे ७ उरतात. आणि ते २६?

तळटीप
ते 'साहेबांचं स्वतःबद्दलचं मत' या मथळ्याखाली वेगळ्या पानावर टाका. ग्रिडवर नाही.

कोरी_पाटी
म्हणजे उत्तरात ९,९ सर्वोत्तम लिहायचं की नाही?

परिस्थिती_पंखा
ब्लेक आणि मूटन तसं म्हणतात असं लिही. मी म्हणत नाही.