मदत हवी आहे: विनोदातील वर्णीय साचे आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांचे मत

अमेरिकी विनोदातील साचेबद्ध चित्रणाने कृष्णवर्णीय समाजाचे भले झाले की नुकसान, यावर लेख लिहिताना मी एका ठिकाणी अडलो आहे. १९२८ साली सुरू झालेल्या ‘एमॉस अन् अँडी’ या रेडिओ मालिकेत दोन गोरे नट कृष्णवर्णीयांचे आवाज काढीत. १९३१ मध्ये ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने तिच्याविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली, तर त्याच वर्षी ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्याच दुसऱ्या वृत्तपत्राने त्याच नटांना मुलांच्या सहलीला पाहुणे म्हणून बोलावले. पुढे १९५१ मध्ये दूरचित्रवाणीवर भूमिका कृष्णवर्णीय कलाकारांकडे आल्या, तरी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने विरोध केला. १९५३ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने दूरचित्रवाणीवरची मालिका बंद केली आणि त्या कलाकारांचे कामही गेले, जो मला या वादातला सर्वांत अवघड भाग वाटतो.

इतिहासग्रंथ चाळून झाले, पण त्यांत संपादक आणि संघटनाच बोलतात. विनोदवीर डेव्ह शपेलसारखी अलीकडची उदाहरणे ठाऊक आहेत, ती नकोत. इंग्रजी साहित्य चालेल. मात्र विद्यापीठीय ग्रंथालयाची सोय नाही. त्या काळच्या सामान्य कृष्णवर्णीय श्रोत्यांची वृत्तपत्रांना आलेली पत्रे किंवा मुलाखती विनाशुल्क कुठे वाचता येतील?