देशी रोपांच्या पाटीवर चिन्ह कशाचं? माझं मत तरवडाला

माळावरची:
जूनमध्ये आपल्या बागप्रेमींची रोपांची देवाणघेवाण आहे. देशी रोपांच्या पाटीवर एक ठरावीक चिन्ह असावं हे सगळ्यांना मान्य आहे, पण कशाचं असावं यावर घोडं अडलंय. मी तरवड सुचवते. आपल्याकडे सोलापुरात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्यावर, मुरमाड माळावर, कुणी तांब्याभर पाणी न घालता भर उन्हाळ्यात हिरवं राहणारं हे पिवळ्या फुलांचं झुडूप. कधी फुलाजवळ थांबून बघा. भुंगा पुंकेसरांना घट्ट धरतो, अंग थरथरवतो आणि मगच पराग बाहेर पडतात. मादागास्करचा गुलमोहर आपण हौसेनं लावतो आणि प्लॉट साफ करताना तरवड आधी उपटतो, याचं मला फार वाईट वाटतं.

गच्चीबाग:
तरवड शहरातली किती पोरं ओळखतात? चिन्ह बघताक्षणी कळायला हवं. कडुनिंबाचं पान घ्या. पाडव्याला घराघरात येतं, समजावून सांगावं लागत नाही.

माळावरची:
ते पान साबणावर आहे, दंतमंजनावर आहे, फवारणीच्या बाटलीवरही आहे. आपल्या पाटीवर दिसलं तर लोक म्हणतील, रोप रसायनमुक्त आहे. ते इथल्या मातीतलं आहे, हे त्यातून कळणार नाही.

छपाईवाला:
पाट्या मी छापतो, म्हणून बोलतो. एकाच रंगाची शाई, ठसा नखाएवढा. पिवळेपणा गेला की तरवड, टाकळा, कासोद सगळी पाच पाकळ्यांची फुलं सारखीच. त्यातला कासोद तर बाहेरून आणून रस्त्याकडेला लावलेला! आपट्याचं जोडपान घ्या. काळ्या शाईत स्वच्छ उमटतं आणि झाडही इथलंच.

माळावरची:
दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानं सर्रास विकतात आणि लोक घेतात. जिथं आधीच फसगत होते, तेच पान ओळखीसाठी कसं चालेल? शिवाय त्या दिवशी आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात, त्यात आपण आणखी भर घालायची का?

छपाईवाला:
उलट चिन्ह झालं तर चार लोक आपटा आणि कांचन यातला फरक विचारतील. फरक सांगायची संधी आहे ही.

मोहोळकर:
फुलंपानं राहू द्या की ओ. आपला मुलूख गवताचा. इथं जवळच नान्नजला 1979 साली अभयारण्य झालं ते माळढोक पक्ष्यासाठी, आणि माळढोक राहतो गवताळ माळावर. कुसळी गवताचं तुरं काढा.

गच्चीबाग:
कुसळी पायजम्याला चिकटते म्हणून लोक वैतागतात. तिचं चित्र लावलेलं रोप घरी कोण नेईल?

पूर्वभाग:
आमच्या तेलुगू घरांत बतुकम्माच्या सणाला फुलांची उतरंड रचताना तंगेडूची फुलं लागतातच. तंगेडू म्हणजे तुमचा तरवड. विणकरांच्या कितीतरी घरांतल्या पोरींना हे फूल लहानपणापासून माहीत आहे. तेव्हा शहरात ओळख नाही हे मला पटत नाही. माझं मत तरवडाला.

छपाईवाला:
मग नुसतं फूल नको. खाली चपटी शेंग काढा, बियांचे फुगवटे दिसतील अशी, म्हणजे टाकळ्यापासून वेगळी ओळखू येईल. मत माझं आपट्यालाच आहे. दोन्हींचे रबरी ठसे करून आणतो, ओल्या पाटीवर मारून बघू.