शब्दचर्चा: ‘शोध’, ‘आविष्कार’, ‘पेटंट’ आणि ‘स्वामित्व हक्क’

प्रश्न:

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी तयार होत असलेल्या बौद्धिक संपदेवरील एका मराठी पुस्तिकेचे संपादन सध्या माझ्याकडे आहे. तिच्या मसुद्यात डिस्कव्हरी आणि इन्व्हेन्शन या दोन्ही संकल्पनांसाठी ‘शोध’ हा एकच शब्द आला आहे. इनोव्हेशनसाठी ‘नवोपक्रम’, ‘नवोन्मेष’ आणि ‘नाविन्यता’ हे शब्द आलटून पालटून वापरले आहेत, तर पेटंटला कुठे ‘एकस्व’ आणि कुठे ‘स्वामित्व हक्क’ म्हटले आहे. मसुद्यातील एक वाक्य असे आहे: ‘शोध लावणाऱ्याला त्याच्या शोधाचा स्वामित्व हक्क वीस वर्षे मिळतो.’ लेखकांना या वाक्यात काही वावगे वाटत नाही, मला मात्र ते खटकते. जाणकारांनी आपले मत द्यावे.

पहिला प्रतिसाद:

मराठीत ‘शोध’ या शब्दाचा अर्थ बरोबरच्या क्रियापदावर ठरतो. हरवलेल्या वस्तूचा आपण शोध घेतो, ती सापडली की शोध लागतो, आणि शास्त्रज्ञ शोध लावतो. अडचण या तिसऱ्या प्रयोगात आहे, कारण गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला असेही आपण म्हणतो आणि फोनोग्राफचा शोध लावला असेही म्हणतो. गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधीही होते, फोनोग्राफ एडिसनच्या आधी नव्हता. रोजच्या बोलण्यात हा फरक पुसला गेला तरी काही बिघडत नाही. कायद्याच्या पुस्तिकेत मात्र तो पुसला गेला तर विषयाचा पायाच डळमळतो.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३ मध्ये ‘आविष्कार’ कशाला म्हणायचे नाही याची यादी आहे. वैज्ञानिक तत्त्वाचा नुसता शोध आणि निसर्गात असलेल्या सजीवाचा किंवा निर्जीव पदार्थाचा शोध या दोन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. म्हणजे मसुद्यातील वाक्य शब्दशः घेतले, तर कायद्याने जे स्पष्टपणे वगळले आहे त्यालाच संरक्षण मिळते असा अर्थ निघतो. याच कलमातील ‘३ घ’ हे उपकलम तर या फरकावरच उभे आहे. आधीच माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप सापडले, पण त्यामुळे पदार्थाची ज्ञात परिणामकारकता वाढली नाही, तर तो केवळ शोध ठरतो, आविष्कार ठरत नाही. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच उपकलमाचा आधार घेतला आणि औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातील परिणामकारकता, असा अर्थ लावून पेटंट नाकारले.

म्हणून पुस्तिकेत डिस्कव्हरीसाठी ‘शोध’ आणि इन्व्हेन्शनसाठी ‘आविष्कार’ असा भेद शेवटपर्यंत पाळावा. मराठी वाचकाला ‘आविष्कार’ म्हटले की प्रथम कलाविष्कार आठवतो, ही तक्रार खरी आहे. पण पहिल्याच पानावर व्याख्या दिली की ती मिटते. फक्त ‘अविष्कार’ असे छापले जाणार नाही, याकडे लक्ष असू द्यावे.

दुसरा प्रतिसाद:

इनोव्हेशनविषयी थोडक्यात लिहितो. ‘नवीन’पासून ‘नावीन्य’ हे भाववाचक नाम तयार होते आणि त्यातील ‘वी’ दीर्घ असतो. भाववाचक नामाला पुन्हा ‘ता’ जोडण्याचे कारण नाही. ‘सौंदर्यता’ आपण लिहीत नाही. राज्य शासनाच्या एका विभागाच्या नावातच ‘नाविन्यता’ असल्यामुळे तो शब्द आता हटणे कठीण आहे. विशेषनाम म्हणून तो जसाच्या तसा छापावा, अन्यत्र टाळावा.

अर्थशास्त्रात, विशेषतः अर्थतज्ज्ञ शुम्पीटरच्या मांडणीपासून, आविष्कार ही कल्पना साकार होण्याची घटना मानली जाते, तर इनोव्हेशन म्हणजे ती गोष्ट व्यवहारात आणि बाजारात रुजवणे. मुंबईत १८६७ साली जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांचे उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. छपाईचे खिळे ओतण्याचे त्यांचे ‘भिसोटाइप’ यंत्र हा निःसंशय आविष्कार होता, पण भांडवलाच्या अडचणींमुळे छापखान्यांत ते रुजू शकले नाही. या दुसऱ्या टप्प्यासाठी मला ‘नवोपक्रम’ योग्य वाटतो, कारण त्यात उपक्रम आहे. ‘नवोन्मेष’ हा शब्द प्रतिभेच्या अंगाने जातो आणि कारखान्यापर्यंत पोहोचत नाही.

तिसरा प्रतिसाद:

माझ्या मते मसुद्यातील सर्वांत मोठी चूक ‘स्वामित्व हक्क’ ही आहे. एक तर हा शब्द कॉपीराइटसाठी रूढ आहे आणि रॉयल्टीला आपण ‘स्वामित्वधन’ म्हणतो, त्यामुळे घोटाळा अटळ आहे. पण त्याहून महत्त्वाचे असे की ‘स्वामित्व’ म्हटल्यावर आपली वस्तू आपण हवी तशी वापरू शकतो असे वाटते, आणि पेटंट तसे वचन देत नाही. कलम ४८ नुसार पेटंटधारकाला मिळतो तो इतरांना रोखण्याचा अधिकार: त्याच्या संमतीविना इतरांनी ती वस्तू बनवू नये, वापरू नये, विकू नये, आयात करू नये. एखाद्याने दुसऱ्याच्या पेटंट असलेल्या यंत्रात सुधारणा केली आणि त्या सुधारणेवर स्वतः पेटंट मिळवले, तरी मूळ पेटंटधारकाच्या परवानगीशिवाय त्याला सुधारलेले यंत्र बनवता येत नाही. हातात पेटंट आहे आणि वस्तू बनवता येत नाही, ही स्थिती ‘स्वामित्व’ या शब्दाने समजावता येणार नाही.

हा रोखण्याचा अधिकार फुकट मिळत नाही. ‘पेटंट’ हा शब्द ज्या लॅटिन संज्ञेतून आला तिचा अर्थ ‘उघडी पत्रे’, म्हणजे कोणालाही वाचता यावीत अशी राजाज्ञेची पत्रे. आजही अर्जदाराला आविष्काराचे तपशीलवार वर्णन असे द्यावे लागते की त्या विषयातील जाणकार ते वाचून ती गोष्ट करू शकेल, आणि ते वर्णन प्रसिद्ध होते. कृती गुप्त ठेवायची असेल त्याने पेटंटच्या वाटेला जाऊ नये.

आणि जे आधीच उघड आहे त्यावर पेटंट मिळत नाही. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली हळदीच्या जखम भरून काढण्याच्या उपयोगावर अमेरिकेत पेटंट मिळाले. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने छापील पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपल्याकडे घरोघरी जखमेवर हळद दाबतात एवढे सांगून भागले नसते; लिखित पुरावा लागला, हे पुस्तिकेत अवश्य यावे.

चौथा प्रतिसाद:

वरील मताशी सहमत आहे, परंतु मसुद्यात पेटंटसाठी आलेला दुसरा शब्द, ‘एकस्व’, सरसकट बाद करू नये. मराठी विश्वकोशातील अनेक नोंदींत तो भेटतो. शिवाय भारतातील १८५६ च्या पहिल्या कायद्याने आविष्कारकाला जो हक्क दिला त्याला ‘अनन्य विशेषाधिकार’ म्हटले होते, आणि ‘एकस्व’ त्या कल्पनेच्या जवळचा आहे. (त्या कायद्याखालचा पहिला अर्ज कोलकात्यातील एका अभियंत्याने पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला होता, ही माहिती विद्यार्थ्यांना आवडेल.) तरीही मजकुरात ‘पेटंट’च ठेवावा, ‘पेटंट वाक्य’, ‘त्याचा पेटंट विनोद’ म्हणण्याइतका तो मराठी झाला आहे. मात्र या प्रयोगात तो ठरलेला, ठरावीक छापाचा असा अर्थ देतो, हे लक्षात ठेवावे.

एक भर घालतो. हापूस किंवा कोल्हापुरी चप्पल यांच्या संदर्भात ‘पेटंट मिळाले’ असे लिहिलेले आढळते, ते चूक आहे. त्यांना १९९९ च्या कायद्याखालील भौगोलिक मानांकन आहे. ते एका व्यक्तीचे नसून त्या प्रदेशातील उत्पादकांचे असते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. भारतीय कायद्यानुसार परंपरागत ज्ञानावर पेटंट मिळतच नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद:

सर्वांचे आभार. वाक्य आता असे केले आहे: ‘आविष्काराचे पेटंट मिळालेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला, तो आविष्कार इतरांनी संमतीविना वापरू नये म्हणून त्यांना रोखण्याचा अधिकार वीस वर्षे मिळतो.’ नोकरीत असताना केलेल्या आविष्काराचे पेटंट बहुधा संस्थेच्या नावावर असते, म्हणून ‘शोध लावणाऱ्याला’ हे शब्द काढले.

तिसऱ्या प्रतिसादकाकडून:

वाक्य चांगले झाले आहे. ‘वीस वर्षे’ याच्या जागी ‘अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून वीस वर्षांपर्यंत’ असे लिहावे. पेटंट मंजूर होण्यातच काही वर्षे निघून जातात आणि तीही या वीस वर्षांतच मोजली जातात. शिवाय नूतनीकरणाचे शुल्क वेळेवर भरले नाही तर पेटंट मुदतीआधीच संपुष्टात येते.