पेपालमधले पैसे प्रीपेड कार्डवर काढता येतात का? बँक खात्याचा घोळ आहे

एम्ब्रॉयडरी_खानापूर
नमस्कार मंडळी, एक विचारायचं होतं. मी खानापूर तालुक्यात राहते, लग्नाआधी वडगावात साड्यांची जेकार्ड डिझाईन कॉम्प्युटरवर काढायचे, आता घरी बसून मशीन एम्ब्रॉयडरीच्या फाईली करते. बाहेरच्या देशातल्या एका बाईंच्या दुकानाचं काम मिळालंय, त्या म्हणतात पैसे पेपालवरच देणार, म्हणून अकाउंट उघडायला घेतलं तर ते बँक जोडा, पॅन टाका, पैसे कसल्या कामाचे ते सांगणारा पर्पज कोड निवडा असं सांगतंय आणि त्याशिवाय पुढे सरकतच नाही. आता माझं खातं आहे गल्लीतल्या सोसायटीत, पासबुकावर सौ. लावून सासरचं नाव, आणि पॅन आधार दोन्ही माहेरच्या नावावर. युट्युबवर एकाने दाखवलंय की पेपालचे पैसे सरळ प्रीपेड कार्डवर घेता येतात, बँकेची भानगडच नको. तसलं कार्ड ऑनलाईन काढलं तर होईल का? त्यातूनच डिझाईनच्या सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं भरायचंय, ते डॉलरमध्ये आहे. मुलांच्या शाळेची फी तोंडावर आलीय, कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

टिळकवाडी_अकाउंट्स
ताई, भारतातल्या पेपाल अकाउंटवरून ते होत नाही. तुम्ही बघितलेला व्हिडिओ अमेरिकेतल्या अकाउंटचा असणार, तिकडे डेबिट कार्डवर आणि काही प्रीपेड कार्डांवर पैसे काढायची सोय आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे परदेशातून कामाचे आलेले पैसे पेपालमध्ये ठेवताही येत नाहीत आणि त्यातून खरेदीही करता येत नाही, पेपाल ते रुपये करून आपोआप तुमच्या भारतातल्या बँक खात्यात टाकतं. काढा म्हणून बटण दाबायची पण गरज नाही. फक्त रेट त्यांचा असतो, गुगलवर दिसतो त्यापेक्षा कमी, आणि फी वेगळी कापतात, तेव्हा त्या बाईंना भाव सांगताना हे धरूनच सांगा.

खरी अडचण तुमच्या खात्याची आहे. आपल्या बेळगावात गल्लोगल्ली पतसंस्थेसारख्या सोसायट्या नि सौहार्द सहकारी संस्था आहेत, माणसं ओळखीची, कर्ज पटकन मिळतं, मराठीत बोलता येतं, म्हणून बायकांची खाती तिथंच असतात. पण ती बँक नव्हे. काही सोसायट्या दुसऱ्या बँकेचा आयएफएससी देऊन पैसे मागवून घेतात की, पण त्या बँकेत तुमच्या नावाचं खातं नसतंय, पेपालला तसलं चालत नाही. अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक असेल तर गोष्ट वेगळी, तिला लायसन्स असतं, ठेवीला ५ लाखापर्यंत विमा पण असतो. सोसायटीच्या ठेवीला तो विमा नाही.

चिकोडी_फ्रीलान्सर
एवढं कशाला करायचं, कोल्हापुरात कोणी भाऊ-बिऊ असेल तर त्याच्या पेपालवर घ्या आणि त्याने गुगल पे केलं की झालं. आमच्या ग्रुपमध्ये बरेच जण असंच करतात.

निपाणीचा_चप्पलवाला
चिकोडीकर भावा, असलं सांगू नको कुणाला. भावाच्या पॅनवर ते पैसं म्हणजे त्याचं उत्पन्न दिसतंय, उद्या इन्कम टॅक्सनं विचारलं तर तो काय सांगणार, बहिणीनं फाईली केल्या म्हणून? आणि आक्काला उद्या मशीन घ्यायला लोन पायजे झालं तर तिच्या नावावर एक रुपया कमाई दिसणार न्हाई. काम तिनं करायचं आणि कागदावर दुसऱ्याचं नाव, हे मला पटत न्हाई बघ. आम्ही कोल्हापुरी चप्पल बाहेर पाठवतो, मालाची गोष्ट असल्यामुळं आम्हाला आयात-निर्यातीचा आयईसी नंबर काढायला लागला, आक्का तुमचं काम सर्व्हिसचं हाय, तुम्हाला तेवढं लागत न्हाई.

अजून एक, टेलिग्रामवर लोक असत्यात, आमच्याकडं अमेरिकन प्रीपेड कार्ड हाय, तुमचं पेपाल त्याला जोडून देतो, कमिशन द्या म्हणून. पासवर्ड आणि ओटीपी मागत्यात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. अकाउंट अडकलं तर ना पैसं ना दाद मागायला जागा, कारण भारतात बसून दुसऱ्या देशाचं अकाउंट चालवणं हेच मुळात नियमात बसत न्हाई.

एम्ब्रॉयडरी_खानापूर
खूप आभार. भावाच्या खात्यावर घ्यायचं माझ्या पण मनात नव्हतंच. मग नाव बदलायचं कुठं, पॅनवर की पासबुकावर? आणि बँकेत खातं काढलं तर पाच हजार दहा हजार अडकवून ठेवायला लागतील का, तेवढे आत्ता नाहीत. प्रीपेड कार्ड मग कशालाच उपयोगी नाही का?

टिळकवाडी_अकाउंट्स
कुठलंच नाव बदलू नका ताई. पॅन आणि आधार एकाच नावावर आहेत ना, मग त्याच माहेरच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत नवीन खातं काढा आणि पेपालवर पण अगदी तेच नाव टाका, पॅनवर जसं छापलंय तसं, सौ. वगैरे काही नको, वडिलांचं नाव मधे असेल तर ते पण. ह्या तिन्हीकडचं नाव जुळलं की अर्धं काम झालं. सोसायटीचं खातं राहू दे तसंच, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. काउंटरवर बेसिक सेव्हिंग खातं म्हणून मागा, त्याला मिनिमम बॅलन्स लागत नाही, फक्त त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग खातं नसलं पाहिजे, आणि महिन्यात पैसे काढायला मर्यादा असते. फॉर्म कन्नड नी इंग्लिशमध्ये असतोय, इंग्लिशचा भाग भरला तरी चालतंय.

खातं जोडलं की पेपाल दोन बारीक रकमा टाकतं, रुपया-दीड रुपयाच्या, यायला चार-पाच दिवस लागतात, त्या पासबुकात बघून पेपालवर टाकायच्या म्हणजे खातं पक्कं होतं. पर्पज कोडच्या यादीत तुमच्या डिझाईनच्या कामाला जवळचा असेल तोच निवडा, समोर आला म्हणून पहिला दाबू नका. पैसे आल्यावर ते परदेशातून आल्याचा एफआयआरए म्हणून दाखला पेपालमधूनच डाउनलोड होतो, तो दर वेळी जपून ठेवा, लोनच्या वेळी तोच दाखवायचा.

प्रीपेडचं म्हणाल तर बँकेतून त्यात पैसे भरून इथल्या इथे खर्च करायला ठीक आहे. पूर्ण केवायसी असेल तर २ लाखापर्यंत ठेवता येतात, कमी कागदावर काढलेल्यात १० हजार आणि त्यातून रोख निघत नाही. गिफ्ट कार्ड पण १० हजारापर्यंतच, त्यातून पण रोख नाही. पण तुमचं सॉफ्टवेअरचं डॉलरचं बिल असल्या कार्डावर बहुतेक होणारच नाही. त्यापेक्षा नवीन खात्याचं डेबिट कार्ड घेतानाच विचारा की बाहेरच्या देशात ऑनलाईन चालतं का, नुसतं रुपे दिलं तर बऱ्याच साईटवर चालत नाही. चालत असलं तरी इंटरनॅशनल आणि ऑनलाईन दोन्ही सुरुवातीला बंद असतंय, २०२० पासून तसा नियम आहे, ॲपमध्ये जाऊन चालू करायचं आणि लिमिट बिलापुरतंच ठेवायचं.

निपाणीचा_चप्पलवाला
आक्का, फी जवळ आली असंल तर त्या बाईंना आजच कळवा की खातं होईपर्यंत पैसं पाठवू नका म्हणून. आणि खातं काढायला जाताना पॅनचं नि आधारचं ओरिजिनल घेऊन जावा, नुसत्या झेरॉक्सवर परत पाठवत्यात.