केशरी बलकाचे जादा पैसे कशाला द्यायचे?

दादरकर: आमच्या गल्लीतल्या दुकानात 'हर्बल' अंड्यांची वेगळी पेटी आलीये. खोक्यावर झेंडूचं फूल, खाली 'नैसर्गिक रंगद्रव्ययुक्त खाद्य, कोंबडी निरोगी, तुम्हीही निरोगी'. साध्या अंड्याच्या जवळजवळ दुप्पट भाव. माझं म्हणणं, ही रंगरंगोटी आहे. कोंबडीला झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क द्या, आठ-दहा दिवसांत बलक केशरी. त्यात आरोग्य कुठून आलं?

पनवेलचा_पोल्ट्रीवाला: दादरकर, अर्धं बरोबर. कोंबडी हा रंग स्वतः बनवू शकत नाही, तो खाद्यातूनच येतो. पिवळ्या मक्यात ल्युटीन आणि झिॲझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं असतात. इथेनॉलमुळे मका महागला की आम्ही तांदळाची कणी नाहीतर बाजरी वाढवतो आणि बलक लगेच फिका पडतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, अंडं शिळं! पण रंगाचा आरोग्याशी काहीच संबंध नाही असंही नाही. आतड्यात कॉक्सिडिओसिस (परजीवींमुळे होणारा रोग) असला किंवा खाद्यात बुरशीचं विष असलं तर पक्षी रंगद्रव्य नीट शोषत नाही. खाद्य तेच असून बलक फिका पडला तर मी आधी शेडमध्ये जाऊन विष्ठा बघतो.

माहीमची_मावशी: म्हणजे रंग हे निरोगीपणाचं लक्षण झालं, कारण नव्हे. अर्क ओतून लक्षण विकत घ्यायचं हे ताप उतरल्यासारखं दाखवायला थर्मामीटर थंड पाण्यात बुडवण्यासारखं आहे.

पनवेलचा_पोल्ट्रीवाला: मावशी, हसू आलं, पण ल्युटीन बलकात खरंच उतरतं हो. बलकातल्या चरबीमुळे ते माणसाच्या शरीरात चांगलं शोषलं जातं आणि डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी साठतं. पालकातही भरपूर असतं, पण तो तेल न घालता खाल्ला तर तितकं अंगी लागत नाही.

दादरकर: मग खोक्यावर ल्युटीन किती मिलिग्रॅम ते छापा ना! फुलाचं चित्र कशाला? लाल मिरचीच्या अर्कानेही बलक केशरी होतो. कँथाझँथिन या कृत्रिम रंगद्रव्यानेही होतो, त्यावर युरोपात अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यासाठी किलोमागे 8 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. बघून कुणाला फरक कळणार?

विक्रोळीचा_विद्यार्थी: पशुखाद्य शिकतोय म्हणून मध्ये पडतो. युरोपने 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविकं देणं बंद केलं, आपल्याकडे 2019 मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली. तेव्हापासून हळद, झेंडू, जांभळ्या भाज्यांचे अर्क यांच्यावर सगळ्यांचं लक्ष आहे. मुंबईच्या उन्हाळ्यात पक्ष्यांना उष्णतेचा ताण होतो, तिथे या अर्कांतल्या अँटिऑक्सिडंटचा उपयोग होऊ शकतो. पण प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. हळदीचं करक्युमिन तर रक्तात फारच कमी पोहोचतं. प्रतिजैविकाची जागा हे अर्क घेतील असं कुणी सांगितलं, तर मी विश्वास ठेवणार नाही. गर्दी कमी, शेडमध्ये पसरलेल्या भुश्याची कोरडी गादी, वेळेवर लसीकरण, हे आधी.

माहीमची_मावशी: आणि ते खोक्यावर छापत नाहीत, कारण त्याला रंग नसतो.

पनवेलचा_पोल्ट्रीवाला: छापलं तरी वाचणार कोण? बाजारात अंडं फोडून बलकाचा रंग बघतात, शेड बघायला कुणी पनवेलला येत नाही. दादरकर, तुम्ही या एकदा. पण पायाला जंतुनाशक लावल्याशिवाय आत सोडणार नाही.

दादरकर: येतो. पण तोवर मी साधीच अंडी घेणार.