केनमेअर (काउंटी केरी, आयर्लंड): १५ ऑगस्टला आई-बाबांना घेऊन

प्रश्न | टेम्सकाठी
१४ ते १६ ऑगस्ट केनमेअरला मुक्काम ठरतोय. आम्ही दोघं लंडनला वर्क व्हिसावर, आई-बाबा पुण्याहून ब्रिटनच्या व्हिजिट व्हिसावर आलेत. गाडी भाड्याने घेणार. आईचे गुडघे दुखतात. एका दिवसात रिंग ऑफ केरी (तिथला किनाऱ्याचा गोल फेरा) झेपेल का? व्हिसाचं काय?

उत्तर | शिक्कामोर्तब
गंमत अशी की आई-बाबांचं जमेल, तुमचं अडेल. त्यांच्या व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटन-आयर्लंडची सामाईक व्हिसा योजना) अशी नोंद असेल आणि ते आधी ब्रिटनमध्ये उतरले असतील, तर त्याच व्हिसावर आयर्लंड चालतं. ही सोय फक्त अल्प मुदतीच्या व्हिसाला आहे. वर्क व्हिसावाल्यांना आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसा इथे कामाचा नाही. तिकिटं काढण्याआधी अर्ज करा.

उत्तर | घाटवाट
तारीख मुद्दाम निवडली का? १५ ऑगस्टला केनमेअरची जुनी जत्रा असते. गुरं, मेंढ्या, घोडे थेट गावातल्या रस्त्यांवर उभे असतात आणि गाड्यांना मज्जाव. म्हणून १४ला रात्रीच गाडी गावाबाहेरच्या अंगाला लावा, नाहीतर १५ला ती अडकलीच म्हणून समजा. राहायची खोली आत्ताच धरा. पायात धुता येतील असे बूट हवेत, शेणाचा सडा असतो. सौदा बघण्यासारखा: आपल्याकडे उपरण्याखाली बोटं दाबतात, इथे उघड्यावर टाळी देऊन भाव ठरतो आणि विकणारा थोडे पैसे 'लक मनी' म्हणून परत देतो.

रिंग ऑफ केरी १७९ किमी आहे. गुडघेदुखीवाल्या माणसाला गाडीत दिवसभर कोंबू नका. करायचीच तर सकाळी आठच्या आत मोल्स गॅपमार्गे किलार्नी गाठा. टूरच्या बस तिथूनच घड्याळाच्या उलट्या दिशेने निघतात. एकदा त्यांच्या मागे सापडलात की अरुंद वळणांवर ओव्हरटेक विसरा.

त्यापेक्षा १६ला शेजारच्या बेआरा द्वीपकल्पाचा छोटा फेरा घ्या: केनमेअर, लॉरा, हीली पास, अ‍ॅड्रिगोल, ग्लेनगॅरिफ, मग काहा पासच्या बोगद्यांतून परत. साधारण ८५ किमी. हीली पास ३३४ मीटरवर. डोंगरमाथा ढगात दिसला तर दोन तास थांबून निघा, वर काहीच दिसत नाही आणि मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या असतात. ग्रामीण स्थानिक रस्त्यांवर फेब्रुवारी २०२५पासून वेगमर्यादा ६० किमी आहे. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच सांगून ठेवा, ऐन ऑगस्टमध्ये आयत्या वेळी मिळणं कठीण.

उत्तर | सुईदोरा
आईंसाठी: चौकापासून काही मिनिटांवर दगडांचं वर्तुळ आहे. १५ शिळा, मधोमध भल्या मोठ्या दगडाखालचं दफन, कांस्ययुगातलं. चौकाजवळ लेस केंद्र आहे, ते मात्र वर्षभर उघडं नसतं. पुअर क्लेअर या कॅथलिक पंथाच्या जोगिणी (नन) १८६१मध्ये इथे आल्या आणि त्यांनी मुलींना ही सुईची लेस शिकवली. सुती नव्हे, लिननचा दोरा. गाव १७७५मध्ये लॅन्सडाउन या जमीनदाराने आखलेलं, तीन मुख्य रस्त्यांचा त्रिकोण. त्यामुळे चुकलात तरी फिरून चौकातच.

शाकाहारी असाल तर सूप मागवताना स्टॉक कशाचा ते विचारा. नुसतं 'व्हेजिटेबल सूप' म्हटलेल्यातही कोंबडीचा असू शकतो.

टेम्सकाठी
जत्रेचं लक्षातच नव्हतं. रिंग रद्द, बेआरा पक्का. व्हिसाचा अर्ज आजच भरतो.