एमएस असलेल्या बाईला ताकदीचे व्यायाम: तिसऱ्या सेटला गुडघा का लटपटतो?

जिम ट्रेनर, म्हापसा
वय ३८, मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस), रिलॅप्सिंग प्रकार, म्हणजे लक्षणं मधेच उफाळतात आणि मग ओसरतात. न्यूरॉलॉजिस्टनी व्यायामाला हो म्हटलंय. काठी लागत नाही, पण १० मिनिटं चाललं की उजवं पाऊल घासतं. १२ चे ३ सेट, मध्ये १ मिनिट विश्रांती देतो; तिसऱ्याला गुडघा लटपटतो. वजन कमी करू की सेट?

फिजिओ, फोंडा
आधी विश्रांती वाढवा भाऊ, २ ते ४ मिनिटं. इथे नुसता स्नायू दमत नाही. मज्जातंतूवरचं मायलिन नावाचं आवरण झिजल्यामुळे मेंदूचा निरोपच खाली पोचेनासा होतो, मग "अजून दोन मार" ओरडून काय होणार? आठवड्याला २ दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. सुरुवातीला १-२ सेट, १० ते १५ वेळा, आणि शेवटी आणखी २-३ जमले असते इतपत दम राखून.

खुर्चीवरून उठणं-बसणं मुख्य ठेवा. खुर्ची भिंतीला टेकवा, जड जात असेल तर उशी घालून उंची वाढवा. उजवं पाऊल डाव्यापेक्षा किंचित मागे. नाहीतर चांगला पाय गुपचूप सगळं काम करतो. उठायला २ सेकंद, बसायला ४. धपकन बसली की सेट तिथेच संपला.

पाऊल घासतं त्यासाठी टाच जमिनीवर ठेवून चवडा वर उचलणं, बसून मांडी उचलणं. रबरी बँड नंतर. तरीही घासतच राहिलं तर पावलाच्या स्प्लिंटबद्दल (पाऊल उचलून धरणारा आधार) विचारा, व्यायाम वाढवत नेऊ नका.

न्यूरो-फिजिओ, मडगाव
उकाड्याचं कुणी बोललंच नाही! अंग जरा तापलं तरी लक्षणं तात्पुरती वाढतात. व्यायामानंतर नजर तात्पुरती मंदावते हे उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलंय. आपल्याकडच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे अंग थंडच होत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर किंवा एसीत घ्या. पंखा थेट अंगावर, मानेवर ओला पंचा, मधूनमधून गार पाण्याचे घोट. लघवीची घाई होते म्हणून बायका पाणीच तोडतात. तसं नको, आधी जाऊन यायला सांगा.

थंड झाल्यावर सगळं पूर्ववत व्हायला हवं. नवा अशक्तपणा २४ तासांवर टिकला तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. ताप किंवा लघवीचा संसर्ग असला तरी असंच दिसतं, तेही तपासून घेतील.

जिम ट्रेनर, म्हापसा
देव बरें करूं. लेग प्रेस, म्हणजे बसून पायांनी वजन ढकलायचं मशीन, चालेल?

फिजिओ, फोंडा
चालेल, तोल सांभाळावा लागत नाही. दोन्ही पायांनी ढकलताना उजवा फसवतो, म्हणून हलक्या वजनावर एकेक पायानेही घ्या. पोटरी थडथड उडायला लागली तर टाच पूर्ण टेकवून थांबा. दर १५ दिवसांनी, त्याच वेळेला, खुर्चीवरून ५ वेळा उठायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा. सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्याशी ताडून पाहू नका, थकव्यामुळे तो फिरतोच.